काळ्या गुलखैऱ्याची पैज

वझूरकर बाई कुणाला नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. स्टाफरूमच्या दारात पाय ठेवला की सुरू, "ए गणित, खडू उरलाय का? ए विज्ञान, तो पंखा बारीक कर, थंडी वाजायलीय." हेडसरांना तर तोंडावर "ओ प्रशासन" म्हणायच्या, आणि शाळेला दरारा दाखवणारे आमचे हेडसर गपगुमान "काय बाई?" म्हणून मान वर करायचे. मी बोरीच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी बाईंनी मला वरून खाली बघितलं, चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, "मराठी का तू?"

"हो," मी म्हणलं.

"मंग मोठ्यानं म्हण की. मराठीला काय लाजायचं?"

त्या दिवसापासून मी मराठी झाले ती झालेच. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. आता ‘मराठी’ म्हणून मला कुणी हाक मारत नाही. गेल्या वैशाखात बाई गेल्या.

बाई इतिहास शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की नववीचा तास दहावीलाही ऐकू जावा. चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायच्या आणि लोक बघायला लागले तर आणखी जोरात फुर्र करायच्या. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, "पुरावा?" पोरगं म्हणायचं, बाई, काल पोट दुखत होतं. "पुरावा?" विज्ञानाचे सर म्हणायचे, यंदा पाऊस बरा आहे म्हणतात. "पुरावा?" भाजीवाली म्हणायची, वांगी ताजी हायत बाई. "पुरावा?" ती बिचारी वांगं मोडून दाखवायची. मला हसू यायचं, पण पुढंपुढं मीही बाईंपुढं जपून बोलायला लागले.

त्यांचं घर गावाच्या कडेला होतं. पुढं रस्ता, बाजूला बाभळीच्या काट्यांची कुपाटी आणि कुपाटीपलीकडं शेजारी नामदेवचं घर नि कापसाचं रान. बाईंच्या कंपाउंडच्या आत, भिंतीला लागून, गुलखैऱ्याची रांग असायची. गुलखैरा म्हणजे काही दुर्मिळ झाड नव्हे. आमच्या मराठवाड्यात जुन्या घरांच्या अंगणात एखादं तरी असायचंच. माणसापेक्षा उंच जाणारा एकच दांडा, भेंडीच्या पानासारखी खरखरीत पानं आणि दांड्याला बिलगून खालून वर उमलत जाणारी मोठीमोठी फुलं. लोकांकडं असतो तो गुलाबी, फार तर पांढरा. बाईंचा काळा होता. काळा म्हणजे काजळासारखा नाही, पिकलेल्या जांभळासारखा. फूल उन्हाकडं धरलं तर आत लाल दिसायचं. माघ-फाल्गुनात ती फुलं भिंतीवरून रस्त्यावर डोकवायची, आणि जिंतूरला जाणारी एसटी तिथं उगीचच हळू व्हायची.

बिया टाकायचा दिवस ठरलेला असायचा. घट बसले की घटातल्या मातीत गहू पेरून झाले की लगेच हात न धुता बाहेर येऊन भिंतीकडंला गुलखैरा. पोरांनाही त्याचं वेळापत्रक पाठ होतं. खालची फुलं आली की सहलीची चर्चा, मधली आली की स्नेहसंमेलन, आणि फूल शेंड्याला पोचलं की वार्षिक परीक्षा. "बाईचा गुलखैरा शेंड्याला गेला रे, अभ्यासाला बसा," असं गावातले आईबाप पोरांना म्हणायचे.

नववीच्या वर्गाला बाई एकदा तरी त्या रांगेपुढं उभं करायच्या. "हे झाड बघा. हे चीनकडचं. व्यापाऱ्यांच्या उंटांसंगं इराणात आलं. तिथनं एक फाटा पश्चिमेला गेला, एक इकडं आला. तिकडचे सैनिक घोड्याच्या सुजलेल्या पायाला ह्याचा लेप लावायचे, दारूला रंग यावा म्हणून ह्याची काळी फुलं दारूत घालायचे. आपल्याकडं हैदराबादचे हकीम खोकल्याच्या काढ्यात घालायचे. राजे गेले, सरहद्दी बदलल्या, ह्याला कुणी अडवलं न्हाई. अन् तुमाला देवगाव फाट्यावर गाडी बदलायची म्हणलं तर घाम फुटतो." वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत.

त्याच इतिहासातून त्यांनी एक काम केलं होतं. आमच्या शाळेत मुलींची मुतारी पार मागं होती, आणि मुली मास्तरांपुढं तिचं नाव काढायला लाजायच्या. दुपारपर्यंत तशाच बसून राहायच्या. बाईंनी कुठंतरी वाचलं होतं की पश्चिमेकडं खेड्यात संडासाच्या भिंतीला मुद्दाम गुलखैरा लावायचे. पाव्हण्या बायकांना विचारायला नको, उंच फुलं दिसली की तिकडं जायचं. झालं. त्या वर्षी मुतारीच्या भिंतीला काळ्या गुलखैऱ्याची रांग उभी राहिली. मग मुली भर वर्गात हात वर करायच्या, "सर, गुलखैरा बघून येऊ?" आणि सर माना डोलवायचे. वर्षभर, फुलं असोत नसोत, मुली गुलखैरा बघायला जायच्या. पुढं बाई निवृत्त झाल्यावर तिथं फरशा बसल्या आणि झाडं गेली, पण मुली अजूनही तसंच विचारतात म्हणे. त्यातल्या कित्येकींनी गुलखैरा कधी पाहिलेलाही नाही.

मी रुजू झाले त्याच वर्षी बाई स्कूटी शिकायला लागल्या. पन्नाशीला आलेली बाई, नऊवार नसली तरी घोळदार सुती साडी, आणि शाळा सुटली की मैदानावर स्कूटी. गावाला फुकटचा तमाशा. पारावरची माणसं मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची. बाई ब्रेकऐवजी हॉर्न दाबायच्या आणि स्वतःच दचकायच्या. "बाई, पुढं बगा, गाडीकडं नगं!" असं सगळे ओरडायचे. बाईंना वर्षाच्या सुरुवातीला एकुलती एक मुलगी गेल्याचं दुःख आहे, एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. नवरा तर मुलगी लहान असतानाच गेलेला. तरी हे स्कूटीचं खूळ कशानं, ते कुणालाच कळत नव्हतं. दुःखानं डोकं फिरलं असेल, असं बायका हळू आवाजात बोलायच्या.

एके दिवशी बस स्टँडजवळ बाई पडल्या. स्कूटी उकिरड्यात, बाई कुपाटीत. मी त्यांना घरी आणलं, काटे काढले, गुडघ्याला डेटॉल लावलं. लावता लावता माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाई, कामून पण? एसटी आहे, ऑटो आहे. ह्या वयात कशाला ही झिकझिक?"

"हरले ना मी," बाई म्हणाल्या.

"काय हरलात?"

"पैज."

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता, गुडघ्याकडं बघत. "ही गाडी नंदिनीची. मी मागं बसायची, तिला घट्ट धरून. नंदी वळली की इंडिकेटर बंद करायचं विसरायची. मी मागनं तिच्या खांद्यावर टिचकी मारायची, नंदे, इंडिकेटर. एवढंच माझं ड्रायव्हिंग. त्या दसऱ्याच्या आधी ती परभणीच्या फुलांच्या प्रदर्शनातनं बियांची पुडी घेऊन आली. म्हणली, आई, ह्याला काळी फुलं येतेत. मी म्हणलं, काळी फुलं कधी असतेत का? पुरावा? म्हणली, फुलं आली की देते पुरावा. लाव पैज. काळी आली तर तू स्कूटी शिकायची, माझ्या मागं जीव मुठीत धरून बसायचं न्हाई. मी म्हणलं, अन् गुलाबी आली तर? तर म्हणली, मी पुण्याला शिकायला जात न्हाई. घरीच ऱ्हाते, तुझ्यापाशी."

बाईंनी साडी गुडघ्यावरून खाली ओढली. "संक्रांतीला तिला डेंगी झाला. झाडं तवा कळीवर होती."

मी कापसाचा बोळा खाली ठेवला.

"माघात आली फुलं. काळीकुट्ट गं मराठी. एकूण एक."

मी डेटॉलची बाटली उगीच बंद केली, उघडली, बंद केली. बाईच उठल्या, लंगडत गेल्या आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या परत मैदानावर. त्या दिवसापासून कुणी हसलं की मला राग यायचा, पण सांगायचं कुणाला? महिनाभरात बाई गावातून झोकात गाडी चालवायला लागल्या. फक्त वळल्यावर इंडिकेटर बंद करायचं त्यांच्या कधी लक्षातच राहिलं नाही. सगळं बोरी गाव ओरडायचं, "बाई, इंडिकेटर!" बाई मागं न बघता हात हलवायच्या, आणि इंडिकेटर तसाच.

तेव्हापासून बाईंनी एक गोष्ट धरली. गुलखैरा काळाच राहिला पाहिजे. नंदिनीचा शब्द खरा ठरला होता, तो दर वर्षी खरा ठरला पाहिजे. आणि हे सोपं नव्हतं, कारण गुलखैऱ्याला सोवळंओवळं नसतं. मधमाशी शेजारच्या गुलाबी फुलावर बसून आली की तुमच्या काळ्याच्या बिया बाटल्या. झाड काळंच दिसतं, पण त्याच्या पोटी पुढच्या वर्षी काय निघेल त्याचा नेम नाही. म्हणून माघ लागला की बाई सकाळी स्कूटी काढून गावात फिरायच्या आणि ज्याच्या अंगणात गुलाबी गुलखैरा दिसेल त्याला गोड बोलून कळ्या मोडून आणायच्या. कुणी चिडायचं, कुणी हसायचं. बाईंना लोकांच्या हसण्याची फिकीर नव्हती.

खरी गाठ पडली ती कुपाटीपलीकडं. नामदेवच्या बायकोच्या, शेवंताच्या दारात तिच्या सासूच्या वेळचा गुलाबी गुलखैरा होता. एका सकाळी शेवंता बाहेर आली तर बाई तिच्या अंगणात उभ्या, ओच्यात फुलं.

"बाई! तुमी शिकल्यासवरलेल्या, अन् चोरावानी माझी फुलं मोडायल्या?"

"चोरावानी न्हाई, उजेडात मोडायले."

"पर कामून? माझ्या सासूनं लावलेलं झाड हाय ते. तुमचं काय खाल्लं त्यानं?"

बाईंनी कुपाटीशी उभं राहून तिला पैज सांगितली. शेवंतानं ऐकलं, पदरानं नाक पुसलं आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या तर झाडावर एक कळी नव्हती. शेवंतानं तांबडं फुटायच्या आत सगळ्या मोडून सुपात ठेवल्या होत्या. "घ्या मोजून," ती फणकाऱ्यानं म्हणाली, "अन् आता माझ्या दारात यायचं न्हाई. माझं मी बगते." तिनं ते शब्दाला जागून बघितलं, वर्षानुवर्षं. फुलं पोरांच्या खोकल्याच्या काढ्याला जायची. सासूचं झाडही राहिलं आणि बाईंचा काळाही.

नववीला बाई आणखी एक गोष्ट सांगायच्या, आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. इराकच्या डोंगरात एका गुहेत हजारो वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. आपण माणूस म्हणतो तसाही तो माणूस नव्हता, आपल्या आधीचा. त्याच्या हाडांपाशी फुलांचे पराग सापडले, त्यात गुलखैऱ्याच्या कुळातलेही. "म्हणजे बघा," बाई म्हणायच्या, "भाषा धड नव्हती, शेती नव्हती, देव नव्हते. पण आपलं माणूस गेलं की त्याच्यावर फूल वाहावं, एवढं त्यांना कळत होतं."

मग एका वर्षी गजानन आला. बाईंचाच विद्यार्थी, पुण्याला पुरातत्त्व शिकत होता. बाईंनी कौतुकानं त्याला वर्गात नेलं. त्याला वाटलं, बाईंना पुराव्याची आवड, तर नवीन माहिती द्यावी. म्हणाला, "बाई, आता काही लोक म्हणतात, ते पराग माणसांनी वाहिलेल्या फुलांचे नसतीलच. उंदरांनी बिळात फुलं ओढून नेली असतील, नाहीतर मधमाश्यांनी आणले असतील."

मी दारात हजेरीपट घेऊन उभी होते. आयुष्यभर दुसऱ्याला "पुरावा?" विचारलेली बाई, तिच्यापुढं आता पुरावाच उभा. मग त्या म्हणाल्या, "बरं. माणसांनी न्हाई वाहिली, मधमाश्यांनी वाहिली. कुणीतरी वाहिली ना?"

गजानन हसला. वर्गही हसला. स्टाफरूममध्ये आल्यावर बाई खुर्चीत बसल्या, चहा बशीत ओतला आणि ओठाला न लावता तसाच धरून बसल्या. "नंदीला नेलं तवा झाड नुसतं कळीवर होतं, मराठी," त्या म्हणाल्या. "तिचंच झाड. माझ्या हातात त्याचं एक फूल नव्हतं." त्यानंतर ती गुहेची गोष्ट त्यांनी वर्गात सांगितली नाही.

बाई निवृत्त झाल्या, माझी बदली परभणीला झाली. फोन असायचाच. फोन उचलला की "बोल मराठी" म्हणायच्या आणि गावची बातमीपत्रं सांगायच्या.

मग एका माघात त्यांना चिकनगुन्यानं धरलं. हातापायाचे सांधे असे धरले की पाण्याचा तांब्या उचलवेना. मी रजा काढून गेले तर शेवंता आधीच ठाण मांडून बसलेली. सकाळी कण्या, दुपारी अंबील, संध्याकाळी तेल लावून सांधे चोळणं, बाईंची वेणीसुद्धा तीच घालायची. घरी फक्त निजायला जायची. "ह्या घरात मी पुतळ्यासारखी बसलेय अन् ही मला न्हाऊ घालायलीय," बाई कुरकुरायच्या. शेवंता म्हणायची, "बसा की गप. चोरी करायच्या तवा लय जोर होता."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली. कुपाटीपलीकडं शेवंताच्या दारात गुलाबी गुलखैरा खालपासून मध्यापर्यंत फुलला होता. आणि भिंतीलगत बाईंचा काळा. मधमाश्या इकडून तिकडं निवांत ये-जा करत होत्या.

शेवंताच्याही तेव्हाच ध्यानात आलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आई गं! बाई, पंधरा दिवस झाले, मी तिकडं बगितलंच न्हाई. माझ्या हातानं घात झाला."

बाई पलंगावरून खिडकीकडं बघत होत्या. "घात कसला? माझी हाडं चोळायलीस की कळ्या मोडशील? जाऊ दे." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कळंल काय झालं ते." पण त्या दिवशी त्यांनी अंबील घेतली नाही.

त्या वर्षीच्या बिया घरात आल्या, घट बसले तेव्हा पेरल्या, झाडं गुडघ्याएवढी झाली. फुलं कशी येतील ते अजून दोन महिने कळणार नव्हतं. तेवढ्यात नामदेवच्या कापसावर पिठ्या ढेकूण पडला. पांढरा, पिठासारखा, शेंड्याला चिकटून रस पिणारा. नामदेवनं फवारून बघितलं, हटेना. गावात शेतीखात्याचे साहेब आले होते, ते रान बघून कुपाटीशी आले आणि वाकून पलीकडं बघितलं. बाईंच्या गुलखैऱ्याच्या पानाखालीही तोच पांढरा थर. साहेबांनी सांगितलं, कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद, गुलखैरा, सगळी एकाच भावकीतली. तुम्ही कापूस फवारणार, किडा इथं येऊन बसणार, फवारा ओसरला की परत कापसावर. ही झाडं ठेवून उपयोग नाही.

नामदेव आणि शेवंता दोघंही बाईंना काही बोलले नाहीत. शेवंतानं स्वतःच्या दारातला सासूचा गुलखैरा उपटला, आणि बाईंच्या भिंतीकडं बघितलंच नाही, असं दाखवलं. हे मला पुढं शेवंतानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आवाज आला म्हणून ती कुपाटीपाशी आली, तर बाई भिंतीकडंला वाकून एकेक झाड मुळासकट ओढत होत्या. सांधे अजून पुरते सुटले नव्हते.

शेवंता रडायलाच लागली. "बाई, ऱ्हाऊ द्या. आमी आनखी फवारू. तुमच्या नंदिनीची झाडं ती."

"तुझी ज्योती नांदेडला नर्सिंगला जायलीय ना?" बाईंनी हात न थांबवता विचारलं.

"हौ."

"ह्याच कापसावर ना?"

शेवंतानं कापसाकडं बघितलं.

"मंग पोरगी शिकायला निघाली की आडवं यायचं न्हाई. मी आडवी येत होते, शेवंते. वरनं हसत होते, पण ती पैज मला मनापासून जिंकायची होती. काळी नगं, गुलाबी येऊ दे देवा, असं रोज पाणी घालताना म्हणायची मी." बाईंनी सगळी झाडं कोपऱ्यात रचली, रॉकेल टाकलं आणि पेटवून दिली. ओली होती, धूर लय झाला. ज्योती पुढं नांदेडला गेली.

पण मूठभर बिया बाईंनी मागं ठेवल्या होत्या, पिंजरीच्या, म्हणजे कुंकवाच्या, जुन्या डबीत. पुढच्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी बाई एसटीनं माझ्याकडं परभणीला आल्या. डबी माझ्या हातात दिली. "तुझ्या कॉलनीत कापूस न्हाई, भेंडी न्हाई. तू लाव. ह्याच्याबिगर आता दुसऱ्या बिया न्हाईत माझ्याकडं."

"फुलं आली की फोटो टाकते, बाई."

"फोटो नगं. रंग सांगू बी नगं. नुसतं ये म्हण."

मी जिवापाड जपली ती झाडं. पानांवर तांबेरा आला की पान तोडायचं, वारा सुटला की काठीला बांधायचं. माघाच्या सुरुवातीला कळ्या धरल्या. एक दिवस पाणी घालताना एका कळीची चोच जराशी उकललेली दिसली, आणि मी झारी खाली ठेवून वाकले. आत गुलाबी होतं. म्हणलं, एखादंच असेल. चार दिवसांत सगळी उमलली. एकूण एक गुलाबी, छान टवटवीत, जाणाऱ्या-येणाऱ्यानं थांबून बघावी अशी. मला ती फुलं बघवेनात. माझे मिस्टर म्हणाले, "नांदेडच्या नर्सरीत काळी मिळतात म्हणे. दोन कुंड्या आणून पुढं ठेवू. बाईंना काय कळतंय?" बाईंना काय कळतंय! मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते पेपर वाचायला लागले.

शेवटी फोन केला. "बाई, फुलं आली. या."

दुसरी कुठली गोष्ट असती तर "पुरावा?" आलाच असता. ह्या वेळी आला नाही. मग बाई म्हणाल्या, "येते."

दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला गेटाशी हॉर्न वाजला. बोरीहून परभणीपर्यंत बाई स्कूटीवर आल्या होत्या, एवढ्या लांब पहिल्यांदाच. डोक्याला रुमाल, अंगावर ठेवणीतली साडी. "पाणी देऊ?" मी म्हणलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि सरळ झाडांपाशी गेल्या.

मी मागं उभी. बाईंनी एका फुलाखाली हात धरला, लहान लेकराची हनुवटी धरतात तसा. मग दुसऱ्या. मग रांग संपेपर्यंत. घसा खाकरला, आणि वर्गात बोलायच्या त्याच आवाजात, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नंदे, गुलाबी आली गं."

मी पुढं झाले. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"ऐकलंस का? एकूण एक गुलाबी. मी जिंकले. आपलं ठरलं होतं. आता पुण्याला जायचं न्हाई, कुठं जायचं न्हाई." आवाज फाटत गेला. "मी जिंकले ना आता? मंग ये की घरी. ये की गं."

आणि बाई तिथंच वाफ्याच्या कडेला मातीत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या हमसून हमसून रडल्या, ठेवणीतली साडी मातीत, दोन्ही हात गुलखैऱ्याच्या दांड्याला धरून. मी शेजारी बसले. मलाही आवरेना.

मग त्यांनी तोंड धुतलं, चहा घेतला. बशीत ओतला, पण फुर्र केलं नाही. निघताना मी विचारलं, "बाई, ह्याच्या बिया धरू का?"

"तुझं तू बघ, मराठी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, वैशाखात, त्या गेल्या. झोपेतच. शेवंतानं फोन केला. मी पोचले तेव्हा बाईंना न्यायची तयारी झाली होती, आणि वैशाखात गुलखैऱ्याचं फूल कुठून येणार? सगळीकडं नुसत्या वाळलेल्या काड्या.

म्हणून मला बाई त्या दिवशीच्या आठवत नाहीत. आठवतात त्या माझ्या गेटातून बाहेर पडताना. रुमाल बांधला, मागची मोकळी सीट हातानं झटकली, गाडी चालू केली, कोपऱ्यावर उजवीकडं वळल्या आणि सरळ जिंतूर रस्त्याला लागल्या. इंडिकेटर चालूच होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण बाई लांब गेल्या होत्या, आणि मागं बसून त्यांच्या खांद्यावर टिचकी मारायला कुणी नव्हतं.